फवाऱ्याचा हंगाम

२४ फेब्रुवारी, मंगळवार

ही वही गुऱ्हाळाची आहे. पुढच्या बाजूने मी दरवर्षीप्रमाणे सकाळचे तापमान, मेपलचा किती रस जमला आणि चुलवणात किती लाकूड गेले याची नोंद करीन. आज वही उलटी करून मागच्या पानापासून लिहीत आहे, कारण पुढची पाने लॉरेट वाचते. ही तिने वाचण्याजोगी नाहीत.

माझे शिक्षण चौथीपर्यंत झाले. पाचवीच्या वर्षी वडिलांचा पाय ओंडक्याखाली सापडला आणि मला काहिलीपाशी उभे करण्यात आले. मात्र जेवढे शिकलो तेवढे नीट शिकलो. अक्षर ओळीबाहेर गेले तर शाळेतल्या सिस्टर एर्मेलिंड बोटांवर पट्टी मारीत. माझे अक्षर आजही ओळीबाहेर जात नाही.

घडलेली गोष्ट अशी. रविवारी प्रार्थनेहून परतल्यावर लॉरेटने कोट काढला नाही. ती टेबलापाशी तशीच बसली आणि म्हणाली,

"ओव्हिला, हंगाम संपेपर्यंत मी थांबते. एकट्याला काहील सांभाळायची नाही तुला. बादल्या धुऊन झाल्या की जॅनीनकडे जाते."

जॅनीन ही तिची धाकटी बहीण. ती सीमेपलीकडे शेरब्रूकला राहते.

"किती दिवसांसाठी?" मी विचारले.

"परतीचं काही सांगत नाहीये मी."

"कारण कळेल का?"

"कारण विचारतोस? दोन वर्षं मागच्या खोलीत झोपतोस तू. मी या घरात भाडेकरू आहे का रे?"

"मी घोरतो, म्हणून तुझ्या सोयीसाठी—"

"आधीची एकोणचाळीस वर्षं काय गात होतास?"

मी लाकडे आणायला गेलो. लाकडे आणायची नव्हती.


२६ फेब्रुवारी, गुरुवार

खरे कारण मला ठाऊक आहे आणि ते येथे लिहून ठेवतो.

दोन वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरात, एका सकाळी उठण्यापूर्वी, लॉरेटने माझ्या छातीवर हात ठेवला होता. त्या स्पर्शाचा अर्थ मी एकोणचाळीस वर्षे ओळखत होतो. त्या दिवशी माझ्या आत काहीही हलले नाही. ओढ नव्हती, ओढीची आठवणही नव्हती. हे असे कित्येक महिने चालले होते. मी तिचा हात उचलला आणि गोधडीवर परत ठेवला. "आता वय झाले," असे म्हणालो. पुढच्या आठवड्यात मागच्या खोलीत झोपू लागलो.

जे काम आपल्याकडून होणार नाही ते अर्धवट हाती घेऊ नये, असे मला वाटते. परंतु स्त्रीला पुरुषाकडून जे हवे असते ते मिळाले नाही तर ती जाणारच. हा हिशेब सरळ आहे.

मी चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. लॉरेट अडुसष्टची. तिच्यावाचून हे घर कसे असेल याचा विचार मी काल करू पाहिला. कोठीच्या दारापलीकडे माझा विचार जाईना.


२८ फेब्रुवारी, शनिवार

रस्त्यापलीकडचा शेजारी रोझेर हातोडी मागायला आला होता. रोझेर बिलोडो हा माझा साठ वर्षांपासूनचा मित्र आहे. गप्प बसणे ही कला त्याला कधी आलेली नाही. झाडांचा रस टाकीत आणण्यासाठी त्याने आपल्या सगळ्या रानात प्लास्टिकच्या नळ्यांचे जाळे पसरले आहे. माझ्या झाडांना अजून बादल्या टांगलेल्या असतात, यावरून तो मला दरवर्षी टोमणे मारतो. आज विषय निराळा होता.

"माझा एक मावसभाऊ आहे," तो म्हणाला. "त्याची इच्छाच मेली होती. तसली. डॉक्टरनं नाकात मारायचा फवारा लिहून दिला."

"त्यासाठी गोळ्या असतात," मी म्हणालो. एवढे मला माहीत आहे.

"अरे, गोळ्या तळमजल्याच्या! यंत्र चालतं पण मालकच घरी नाही, तर गोळी काय करणार? फवारा वरच्या मजल्यावर जातो." त्याने कपाळावर बोट मारले. "मालकाला उठवतो."

"तुझा मावसभाऊ कुठे राहतो?"

"लांब," रोझेर म्हणाला आणि त्याचे कान लाल झाले. "औषध त्याला टपालानं येतं. डॉक्टरकडे जावंसुद्धा लागत नाही, पडद्यावर बोलायचं."

रोझेरची बायको गेली सहा वर्षे थडग्यात आहे. गुरुवारी संध्याकाळी तो गाडी घेऊन न्यूपोर्टला का जातो हे मी कधी विचारलेले नाही. आजही विचारले नाही.


३ मार्च, मंगळवार

गावच्या वाचनालयात एक लहान खोली आहे. तिथे संगणकासमोर बसून परिचारिकेशी बोललो. तिला औषध लिहून देण्याचा अधिकार आहे. तिचे नाव श्रीमती रुईझ. मी चर्चचा कोट आणि टाय घातला होता. ग्रंथपाल बाईंनी विचारले, "कुणाचं लग्न आहे का?" मी "खाजगी काम" असे उत्तर दिले आणि दार लावून घेतले.

श्रीमती रुईझ माझ्या मुलीच्या वयाची असती, मला मुलगी असती तर. तिने विचारले,

"गेल्या महिन्यात इच्छा किती वेळा झाली?"

"कशाची?"

"बायकोच्या जवळ जायची, गोसलॅंजी."

"ती शेजारच्या खोलीतच असते."

ती हसली नाही, हे तिच्या शिक्षणाचे लक्षण आहे. नंतर तिने हृदयाविषयी विचारले, औषधांविषयी विचारले. रक्तदाब विचारला. मी एकशे अठ्ठावीस आणि अठ्ठ्याहत्तर असे सांगितले. हा आकडा चार वर्षांपूर्वीचा आहे. परंतु तो माझाच आहे, दुसऱ्या कोणाचा नाही.

"अलीकडचाच ना?"

"अलीकडचाच."

मी आयुष्यात फिका पाक गडद म्हणून किंवा गडद पाक फिका म्हणून कधी विकला नाही. हे वाक्य मात्र मी त्या खोलीत बोललो.

"या विषयावर बायकोशी बोललात का?"

"हा विषय तिच्याशी बोलण्याजोगा नाही."

श्रीमती रुईझने पुढ्यातला कागद बाजूला ठेवला. मग म्हणाली, "मग कुणाशी बोलण्याजोगा आहे?"

"तुमच्याशी बोलतो आहे," मी म्हणालो.

सूचना अशा: एका नाकपुडीत एकच फवारा, पाऊण तास आधी. आठवड्यातून दोनदा, त्याहून अधिक नाही. मळमळेल, चेहरा तापेल. बाटली शीतकपाटात ठेवावी, गोठू देऊ नये. चक्कर आली किंवा डोके दुखले तर लगेच कळवावे. मी सर्व कागदावर लिहून घेतले.


९ मार्च, सोमवार

रस सुरू झाला. रात्री अठ्ठावीस अंश फॅरनहाइट, म्हणजे गोठणबिंदूखाली, दिवसा चव्वेचाळीस, वारा पश्चिमेचा. दुपारपर्यंत तीनशे बादल्यांपैकी निम्म्या अर्ध्याअर्ध्या भरल्या. पहिल्या उकळीची वाफ छपराच्या झडपेतून वर गेली की लॉरेट स्वयंपाकघराच्या खिडकीतून टॉवेल हलवीत असे. आजही हलवला. सवयीने हलवला असावा.

बाटली शनिवारीच टपालाने आली होती. गुऱ्हाळातल्या जुन्या शीतकपाटात, काकडीच्या लोणच्याच्या बरणीमागे ठेवली आहे. बर्फावर ओतलेला पाक खाताना तोंड गोड होऊन गेले की मध्ये आंबट हवे, म्हणून ही बरणी तिथे असते. पाहुणे येईपर्यंत तिला कोणी हात लावत नाही. बाटलीवरचा कागद मी भिंतीकडे वळवून ठेवला आहे.


१२ मार्च, गुरुवार

पहिला फवारा घेतला. गुरुवारी लॉरेट चर्चच्या तळघरात पत्ते खेळायला जाते आणि पावणेचारला परतते. म्हणून बरोबर तीन वाजता घेतला. चव कडू. घशात उतरते.

साडेतीनला चेहरा तापला, चुलवणाचे तोंड उघडल्यावर तापतो तसा. पावणेचारला पोट ढवळले. लॉरेट आली नाही. चारला लाकडांच्या राशीमागे मला उलटी झाली. लॉरेट आली नाही. आणि त्यानंतर, तोंड बर्फाने धुऊन मी राशीला टेकून उभा असताना, एक गोष्ट झाली. लॉरेटची मान मला आठवली. आमचे लग्न व्हायच्या आधीच्या उन्हाळ्यात, नाचघरात, तिने केस वर बांधले होते. मानेवर घाम होता. हे मला चाळीस वर्षांत आठवले नव्हते.

ती पाच वाजता आली. मी स्वयंपाकघरात गेलो. ती बटाटे सोलत होती आणि तिची पाठ माझ्याकडे होती.

"बूट काढ," ती म्हणाली. "आत्ताच पुसलंय."

मी वाकून बूट काढले. उभा राहिलो तेव्हा ती माझ्याकडे पाहत होती.

"काही हवंय का?"

"नाही," मी म्हणालो.

मी पुन्हा बूट घातले आणि बाहेर आलो. अशा वेळी माणसाने काय म्हणायचे असते, हे श्रीमती रुईझने सांगितले नव्हते. पूर्वी मला हे माहीत होते, किंवा पूर्वी काही म्हणावेच लागत नव्हते; यांपैकी खरे काय ते आठवत नाही.


१५ मार्च, रविवार

वहीच्या या मागच्या पानांत लॉरेट तळते त्या डोनटचा चुरा सापडला. उंदीर झाले आहेत. वही पळ्यांशेजारी वरच्या फळीवर असते. उंदीर तिथवर चढतात म्हणजे धीट आहेत. तिथेच सापळा लावला.


१८ मार्च, बुधवार

काल सेंट पॅट्रिकचा दिवस होता. तो आयरिश लोकांचा, आमचा सण नाही. फवारा घेतला, तिसरा.

आज लॉरेट जेवण घेऊन गुऱ्हाळात आली. पूर्वी डबा दाराशी ठेवून जात असे. आज आत येऊन बाकावर बसली. निळे स्वेटर घातले होते. ते ती थंडीत वापरत नाही, पातळ आहे. तिने चार अंडी आणली होती. मी ती जाळीच्या पिशवीत घालून मागच्या काहिलीतल्या उकळत्या रसात सोडली. आमच्याकडे हंगामातली अंडी अशीच शिजतात आणि कवचातूनही किंचित गोड होतात.

"डोकं दुखतंय का तुझं?" तिने विचारले.

"नाही."

"नाक वाहतंय."

"सर्दी आहे."

"सर्दीला काय घेतोस?"

"काही नाही."

ती अंडे सोलत राहिली. मग म्हणाली, "याच्याबरोबर लोणचं चांगलं लागेल. बरणी काढू का?"

"मी काढतो!" मी एवढ्या मोठ्याने बोललो की तिच्या हातातले अंडे पडले. मी शीतकपाटाच्या दारात आडवा उभा राहून बरणी काढली.

"लोणच्यासाठी इतका जीव टाकताना तुला पाहिलं नव्हतं कधी," ती म्हणाली.

ती अर्धा तास बसली. जाताना स्वेटरची बटणे लावीत दाराशी थांबली. तिला काही सांगायचे असावे. मी मळी काढीत होतो. अशा वेळी काहिलीवरून नजर काढता येत नाही.

सापळ्यात उंदीर नाही. सापळ्यातले लोणीही होते तसेच आहे.


२१ मार्च, शनिवार

एका फवाऱ्याने भागत नाही. ओढ येते, पण भलत्या वेळी. आणि मी दारापर्यंत पोचेतो ओसरते. आता दोन्ही नाकपुड्यांत घेतो, एक दिवसाआड. सूचनेप्रमाणे नाही, हे मला ठाऊक आहे. परंतु हंगामाचे दिवस मोजके असतात. फार तर तीन आठवडे उरले आहेत.

एक नवी अडचण आली आहे. नाक पूर्ण बंद आहे.

पाक झाला हे मी वासावरून ओळखतो. आधी उकडलेल्या मक्यासारखा वास येतो, मग लोण्यासारखा, आणि मग एक क्षण असा येतो की जुन्या चामड्यासारखा वास उठतो. त्या क्षणी काहिलीचा नळ उघडायचा. पळीच्या कडेवरून पाक पडद्यासारखा उतरतो का, हे मी नंतर पाहतो, केवळ खात्रीसाठी. वडिलांनी मला हे आठव्या-नवव्या वर्षापासून शिकवले. आज मला कसलाच वास आला नाही. वाफेत तोंड घालून उभा राहिलो, जणू नुसते पाणी उकळत होते.

रोझेर आला आणि त्याने पळी पाहून ओळखले.

"पातळ आहे रे. तू आणि पातळ? माझ्याकडची काचेची नळी घेऊन जा, पाकात सोडली की आकडा सांगते. नाकाला सुट्टी दे."

"मला आकड्याची गरज नाही."

"म्हातारा झालास, ओव्हिला."

"तू माझ्याहून पाच महिन्यांनी मोठा आहेस."

"म्हणून तर मला दिसतं," तो म्हणाला. पुढे काही तरी बोलणार होता, पण माझ्या चेहऱ्याकडे पाहून थांबला. "लाल झालायस किती. बस जरा."

मी बसलो नाही.


२५ मार्च, बुधवार

काल पुढची काहील जळाली. आज लिहवत नाही.


२६ मार्च, गुरुवार

परवाची हकीकत. सकाळी अकराला दोन्ही नाकपुड्यांत दोनदोन फवारे घेतले. बाराला लॉरेट जेवण आणणार होती. मी वाक्य तयार केले होते आणि पाठ केले होते: "लॉरेट, मी मागच्या खोलीतून परत येऊ इच्छितो." सोपे वाक्य आहे. कोणीही बोलू शकेल.

साडेअकराला डोक्यात घण बसू लागले. ओंडक्यावर टेकलो. काहिलीतला पाक खाली उतरत होता, बोटभर, मग अर्धे बोट. मला दिसत होते. पण उठावे असे पायांना वाटत नव्हते आणि वास कसलाच येत नव्हता. जळणाऱ्या साखरेचा वास एक मैलावरून येतो म्हणतात.

रोझेरने रस्त्यापलीकडून छपरावरचा धूर पाहिला. वाफ पांढरी असते. ही काळी होती. तो ओरडत निघाला, पण लॉरेट त्याच्या आधी पोचली. अंगात कोट नव्हता, पायांत घरातल्या सपाता होत्या आणि अंगणात गुडघाभर बर्फ होता. तिने दाराजवळची रसाची बादली उचलून सरळ काहिलीत ओतली, मग दुसरी. चुलवणाचे दार उघडून तिने जळती लाकडे आकड्याने बाहेर ओढली. मग माझ्याकडे वळली.

"काहील," मी म्हणालो. "वडिलांची काहील."

"काहील गेली चुलीत! माझ्याकडे बघ. हात उचल. दोन्ही उचल. माझं नाव काय?"

"लॉरेट गोसलॅं. माहेरची त्रेपानिये."

"पूर्ण नाव विचारलं नव्हतं," ती म्हणाली आणि रडू लागली.

रोझेरने आपला रक्तदाबाचा पट्टा आणला. एकशे शहाण्णव आणि एकशे दहा. इस्पितळात जाण्यास मी नकार दिला. तेव्हा लॉरेटने शीतकपाट उघडले, बरणीमागून बाटली काढली, तिच्यावरचा क्रमांक पाहून फोन लावला आणि औषधाचे अवघड नाव एका दमात वाचून दाखवले. बाटली कोठे आहे हे मी तिला सांगितले नव्हते. लोणचे काढताना दिसली असावी.

श्रीमती रुईझ माझ्याशी बोलली. आवाज पूर्वीचा नव्हता.

"गोसलॅंजी, एकशे अठ्ठावीस कधीचा?"

"चार वर्षांपूर्वीचा."

"जास्त रक्तदाब असेल तर हे औषध मी देतच नाही. तुम्ही मला खोटं सांगितलंत. आणि घेतलंत किती?"

मी खरा आकडा सांगितला. मग ती म्हणाली, "फवारा बंद. आजपासून, कायमचा. आणि आत्ता या क्षणी इस्पितळात. मी विनंती करत नाहीये."

रोझेरच्या गाडीतून गेलो. एक दिवस ठेवून घेतले, गोळ्या दिल्या. परतताना मागच्या आसनावर लॉरेट माझ्याशेजारी बसली होती. गाव जवळ येईपर्यंत ती खिडकीबाहेर पाहत होती. मग म्हणाली,

"मेला असतास तर मी कुणाला सोडून जाणार होते?"

रोझेर हसला. ती हसली नाही. या प्रश्नाचे उत्तर काय अपेक्षित होते, ते मला अजून कळलेले नाही.


३० मार्च, सोमवार

रोझेरने आपली जुनी काहील दिली आहे. ठिगळ आहे, पण गळत नाही. त्याची काचेची नळीही घेतली. आकडा पाहून नळ उघडतो. पाक बिनचूक होतो आणि मला त्यात काही वाटत नाही.

नाक बंदच आहे. औषध गेले. काहील गेली. जे वाक्य पाठ केले होते ते आता बोलण्यात अर्थ उरला नाही, कारण मागच्या खोलीतून परत आलो तरी मी तोच आहे.

माळ्यावरून लॉरेटची सूटकेस खाली आली आहे. जिन्याखाली उभी आहे, रिकामी. मी उचलून पाहिली. काल जॅनीनचा फोन आला होता. लॉरेट हलक्या आवाजात बोलत होती. "अजून कळ्या कुठे फुटल्यात," एवढे मला ऐकू आले.

हे आता स्पष्ट लिहितो. झाडाला कळी फुटली की रस बिघडतो. उकळताना ओल्या मोज्यांसारखा वास येतो आणि तो एकदा आला की हंगाम संपला. एक बादलीसुद्धा पुढे उकळायची नाही. मग मी पुढच्या बाजूच्या शेवटच्या नोंदीखाली लाल पेन्सिलीने रेघ मारतो आणि लॉरेट बादल्या धुते. यंदा ज्या दिवशी तो वास येईल त्या दिवशी ती जाईल. आणि तो वास आला आहे की नाही, हे मला कळणारसुद्धा नाही. मला दुसरे कोणी तरी येऊन सांगेल.

मला भीती वाटते. हा शब्द मी या वहीत पूर्वी लिहिलेला नाही.


५ एप्रिल, ईस्टर रविवार

आमच्या फ्रेंच बोलणाऱ्या लोकांत ईस्टरच्या पहाटे, सूर्य उगवण्यापूर्वी, वाहत्या ओढ्याचे पाणी भरून आणतात. प्रवाहाच्या उलट बाजूने भांडे धरायचे आणि घरी येईपर्यंत, पाणी लावून होईपर्यंत एक शब्दही बोलायचा नाही. हे पाणी वर्षभर नासत नाही आणि आजारावर चालते असे मानतात. लॉरेटची आई आणीत असे. लॉरेटने पुष्कळ वर्षांत आणले नव्हते.

आज ती मागच्या खोलीत आली. मी जागा होतो. तिच्या हातात काचेची बाटली होती आणि झग्याची कड गुडघ्यापर्यंत ओली होती. ती माझ्या पलंगाच्या कडेवर बसली. बोट ओले करून तिने माझ्या कपाळाला लावले, मग नाकाला. एका बाजूला, मग दुसऱ्या. पुन्हा ओले केले. पाणी इतके थंड होते की डोळ्यांत पाणी आले. ते ओढ्याचेच होते असे समजावे.

नियमाप्रमाणे आम्ही बोललो नाही. खिडकी उजळेपर्यंत ती बसून राहिली. गेली दोन वर्षे या घरात आम्ही गप्पच आहोत, परंतु असे गप्प बसलो नव्हतो.

या पाण्यात औषधी गुण असतो असे मी मानत नाही. तसे लिहून ठेवतो.


१० एप्रिल, शुक्रवार

सकाळी उठलो तेव्हा कॉफीचा वास आला. नाक उघडले आहे. फवारा बंद होऊन सतरा दिवस झाले, त्याचा हा परिणाम असणार.

कोणाला सांगितले नाही.


१२ एप्रिल, रविवार

दुपारी अठ्ठावन्न अंश. रात्री गोठले नाही. रोझेर कुंपणापाशी आला.

"मी नळ्या उपसल्या. टाकी धुऊन झाली. तू काय करतोयस?"

"उकळतो आहे."

"काय उकळतोयस, ओव्हिला? तुझ्या कळ्या मला माझ्या पडवीतून दिसतायत!"

"माझी झाडे उत्तर उतारावर आहेत. त्यांना वेळ लागतो."

त्याने माझ्या झाडांकडे पाहिले. मग घराकडे पाहिले; पायरीवर लॉरेट बादल्या पुसायची चिंधी पिळत होती. मग माझ्याकडे. साठ वर्षांत पहिल्यांदा रोझेर बिलोडो काहीही न बोलता परत गेला.


१४ एप्रिल, मंगळवार

सकाळी उरलेला रस गोळा केला. बादलीत पिवळट दिसत होता. चुलवण पेटवले. साडेदहाला पहिली वाफ उठली आणि तिच्याबरोबर तो वास आला. ओले मोजे. शंका घेण्यास जागा नव्हती. पासष्ट वर्षांहून अधिक काळ मी तो ओळखतो.

लाल पेन्सिल खिशात होती. मी आग विझवली नाही.

अकराला लॉरेट आली. निळे स्वेटर घातले होते. दाराशीच थांबली, आणि मला दिसले की तिच्या नाकपुड्या हलल्या. मी काहिलीकडे पाहत राहिलो. जे वाक्य ती बोलणार होती ते मी तिच्या तोंडून ऐकण्यासाठी उभा होतो.

ती आत आली. बाकावर बसली नाही; माझ्याशेजारी उभी राहिली.

"वास येतोय का तुला काही?" तिने विचारले.

"नाही," मी म्हणालो.

तिने वाफेत तोंड घातले, डोळे मिटले आणि भरपूर श्वास घेतला. पूर्वी पहिल्या उकळीला घेत असे तसा.

"मलाही नाही येत," लॉरेट म्हणाली. "अजून चार दिवस तरी चालेल असं दिसतंय."

"त्याहून अधिक," मी म्हणालो. "उत्तर उतार आहे."

"हो ना. उत्तर उताराचं काही सांगता येत नाही."

तिचे नाक एकेचाळीस वर्षांत एकदाही चुकलेले मला माहीत नाही.

मग ती वर हात करून फळीवरची पळी काढू लागली. पळी माझ्या वहीच्या शेजारी होती. "उंदरांचा सापळा काढून टाक तिथला," ती म्हणाली. "एखाद्या दिवशी माझं बोट सापडेल."

मी वहीकडे पाहिले, मग तिच्याकडे पाहिले. तिने मला पाहू दिले.

आम्ही उकळत राहिलो. त्या रसाचा पाक कोणीही खाणार नाही. तो ओढ्याच्या काठी ओतून द्यावा लागेल. काहिलीच्या कडेवर मी हात टेकला होता, जिथे पत्रा फार तापत नाही तिथे. लॉरेटने आपला हात त्यावर ठेवला. मी तो उचलला नाही. वरचा मजला, तळमजला, यांपैकी कोठे काय झाले, हे मला सांगता येणार नाही. हात गरम होता आणि त्याला ओल्या चिंधीचा वास होता.

पुढच्या बाजूची आजची नोंद: सकाळी एकोणचाळीस अंश. रस अडतीस बादल्या. लाकूड बेताचे. हंगाम चालू.